साउंडबार की पाच स्पीकर? आधी हॉलच्या भिंती बघा

नवी पेठेतल्या दुकानात डेमो ऐकताना हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं. तोच साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची, अनेक स्पीकर असलेली लांब पट्टी) जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये लावला की हेलिकॉप्टर टीव्हीच्या खालीच घुटमळत राहतं. बारमध्ये खोट असेलच असं नाही. बराचसा साउंडबार आपल्या भिंतींच्या जिवावर चालतो आणि भिंती खोक्यात मिळत नाहीत.

आवाज कुठून आला हे आपल्याला दोन कानांमुळे कळतं. उजवीकडच्या आवाजाला डाव्या कानापर्यंत पोचायला जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद उशीर होतो आणि वाटेत डोकं आडवं आल्यानं वरच्या पट्टीतला आवाज क्षीणही होतो. कानाच्या बाहेरच्या वळ्यांमुळे वरचा, खालचा, मागचा आवाज थोडा वेगवेगळा रंगतो. मेंदू एवढ्यावरून दिशा ठरवतो. पाच स्पीकरच्या संचात (पुढे तीन, मागे दोन) मागचा आवाज खरोखर मागून येतो, त्यामुळे मेंदूला फसवावं लागत नाही. बारला मात्र फसवावंच लागतं आणि त्याच्याकडे त्याच्या दोन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती गणिताची. डाव्या कानासाठीचा आवाज उजव्या कानात गळतो, तो उलट्या लहरीनं खोडून काढायचा. हे जमतं, पण मधोमध बसलेल्या एकाच माणसाला. त्यानं डोकं वीतभर सरकवलं की हिशोब चुकतो, आणि सोफ्यावर तर चौघं बसतात.

दुसरी युक्ती म्हणजे बाजूच्या भिंतींवर आवाज मारून तो सोफ्याकडे परतवणं. त्यासाठी दोन्ही बाजूंना साधारण सारख्या अंतरावर उघडी, कडक भिंत हवी. आपल्या हॉलला एका बाजूला भिंत असते आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज नाहीतर गॅलरीचा पडदा. मग डावा परिणाम मिळतो आणि उजवा पोळ्या लाटणाऱ्याच्या कानात जातो. छताकडे तोंड केलेल्या स्पीकरचंही तेच. त्यांना ८ ते १२ फुटांवर सपाट, कडक छत लागतं. स्लॅब चालतो. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरात तुळयांवर आदळून आवाज विखुरतो आणि उंचीचा भास होत नाही. पीओपीचं छत सपाट असेल तर ठीक, पण नेमकी बारच्या वरच पायऱ्यांची नक्षी असेल तर वरच्या स्पीकरांचे जादा पैसे वाया गेले म्हणा.

हे खरेदीआधी तपासता येतं. नेहमीच्या जागी बसा आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून हातआरसा सरकवायला सांगा. आरशात टीव्हीखालची जागा जिथे दिसेल, तिथूनच आवाज परतणार. दोन्ही बाजूंना तिथे मोकळी भिंत असेल तर भिंतीवर आवाज मारणारा बार घ्यायला हरकत नाही. एका बाजूला जरी पडदा, कपाट किंवा दार आलं, तर त्या सोयीवर खर्च करू नये.

गंमत अशी की खरे स्पीकर घेतले तर त्याच ठिकाणी नेमकं उलटं करावं लागतं. तिथून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळून संवाद धूसर करतो, म्हणून तो शोषायचा. इथे सोलापुरी चादर कामाला येते, पण भिंतीला चिकटवून ठोकली तर नाही. भिंतीलगत हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत. त्यांची हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर (तरंगलांबी म्हणजे लहरीच्या दोन शिखरांमधलं अंतर). कापडात शिरून घासली जाणारी ही हालचालच आवाज जिरवते. चादर भिंतीपासून ४ इंच पुढे, चुण्या पाडून, दुहेरी टांगली तर ८०० ते ९०० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) वर चांगला फरक पडतो. चिकटवलेली चादर फक्त अगदी वरच्या पट्ट्या खाते, आणि मग संवाद मऊ न होता मंद होतात. बेसवर, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजावर, तिचा परिणाम नाही. ५० हर्ट्झची पाव तरंगलांबी १.७ मीटर भरते.

बेसचं दुखणं खोलीच्या मापात असतं. १२ बाय १० ची खोली आणि छतही १० फुटांवर असेल, तर रुंदी आणि उंची दोन्ही सुमारे ५६ हर्ट्झलाच घुमतात. दोन घुमारे एकावर एक बसतात आणि प्रत्येक स्फोट एकाच सुरात ‘धूं’ करतो. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर आणखीच, कारण भिंतीपाशी दाब सर्वांत जास्त असतो. सोफा फूट-दीड फूट पुढे ओढणं हा फुकटचा उपाय. सबवूफरची, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या स्पीकरची, जागा शोधायलाही खर्च नाही. तो तात्पुरता आपल्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेनं गुडघ्यांवर फिरा. जिथे बेस सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा. बार असो की संच, रीत हीच.

आता पाच स्पीकरच्या संचाला काय लागतं ते पाहू. मधला स्पीकर टीव्हीपाशी. पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ३०-३० अंशांवर, कानाच्या उंचीला. मागचे दोन ११० अंशांच्या आसपास, म्हणजे खांद्यांच्या किंचित मागे, कानापेक्षा थोडे वर. त्यासाठी सोफ्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे जागा हवी. सोफा भिंतीला टेकलेलाच राहणार असेल तर मागचे स्पीकर बरोबर बाजूला, ९० अंशांवर लावा. डोक्यामागच्या भिंतीवर कानापाशी टांगू नका. पुढचा स्पीकर ३ मीटरवर आणि मागचा १.२ मीटरवर असेल तर मागचा आवाज सुमारे ५ मिलिसेकंद आधी पोचतो, आणि कान आधी आलेल्या आवाजाची दिशा धरतो. रिसीव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात) अंतरं नीट भरली की मागचा आवाज तेवढा थांबवून सोडला जातो. बारीक स्पीकरना ८० हर्ट्झखालचं काम देऊ नये, ते सबवूफरकडे वळवावं.

वायर १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्यावी. १० मीटर लांबीला जाऊन-येऊन रोध पाव ओहम होतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो चालतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची स्वस्त वायर तिप्पट रोध देते. सगळ्यात जास्त चूक होते ती प्लस-मायनसची. एका स्पीकरची टोकं उलटी लागली तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो, बेस गायब होतो आणि आवाजाला ठिकाण राहत नाही. वायर रिसीव्हरपासून सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर वूफर (स्पीकरचा मोठा पडदा) बाहेर येतो.

दोन्हीकडे सारखाच फसवणारा एक बिघाड टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर राहिला तर बऱ्याच टीव्हींमधून दोनच वाहिन्या (डावा आणि उजवा आवाज) बाहेर पडतात आणि मागचे स्पीकर मुके राहतात. तिथे ‘बिटस्ट्रीम’, ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ निवडा. ऑप्टिकल वायरीतून डॉल्बी ॲटमॉस (वरून येणारा आवाजही देणारी पद्धत) जात नाही, त्यासाठी एचडीएमआयचं एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं तोंड वापरावं लागतं.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही विचार करायला हवा. पंखा पाचवर आणि खिडकीत कूलर, म्हणजे हॉलमध्ये ५५-६० डेसिबलचा गोंगाट. पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असतील तर त्यांची खडखड वेगळी. मागच्या स्पीकरमधली पावलं, पानांची सळसळ त्यात बुडून जाते, उरतात ते संवाद. म्हणून उघडा हॉल, भिंतीला टेकलेला सोफा आणि मुख्यतः मालिका-क्रिकेट असेल, तर मधला स्वतंत्र स्पीकर असलेला ३.१ चा (तीन स्पीकर आणि एक सबवूफर) बार घ्यावा. खोक्यावर ७.१ छापलेल्या, मागे स्पीकर नसलेल्या बारपेक्षा तो बरा. दार लावता येणारी खोली आणि सोफ्यामागे तीन-चार फूट जागा असेल, तर मात्र साधा ५.१ संचही महागड्या बारला मागे टाकतो. पीएमपीओचे (क्षणिक कमाल ताकदीचे) हजारो वॅट दोन्हीकडे दुर्लक्षावेत, त्या आकड्याला ठरलेलं मोजमाप नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, विचारा.

रिसीव्हर काचेच्या शोकेसमध्ये बंद करू नका. वर निदान ४-५ इंच मोकळी हवा नसेल तर ४२ अंशांच्या दुपारी तो स्वतःला वाचवायला बंद पडतो. स्पीकरमधून सतत बारीक ‘हूं’ येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल उपटून बघा. आवाज थांबला तर केबलचं आणि घराचं अर्थिंग एकमेकांत भिडलंय. केबलच्या तोंडाशी आयसोलेटर (दोन अर्थिंग वेगळी ठेवणारा तुकडा) लावायचा, प्लगची अर्थिंगची पिन तोडायची नाही. घराचं काम चालू असेल तर सोफ्यामागपर्यंत एक इंची पाइप आत्ताच टाकून ठेवावा. विजेच्या वायरींच्या पाइपातून स्पीकरची वायर ओढू नये.