कोळंबी तळ्याचा अर्ज मातीच्या रिपोर्टवर का अडतो

मुंबईत राहायचं आणि पालघर-रायगडच्या खाजणात (भरतीचं खारं पाणी येणाऱ्या जमिनीत) कोळंबीचं तळं काढायचं, असा बेत असेल तर मातीचा नमुना गड्यावर सोपवू नका. कागद जमतात, माती अडते.

खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीला २००५ च्या कायद्यानुसार कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटी, म्हणजे किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीवर देखरेख ठेवणारं केंद्राचं प्राधिकरण, हिची नोंदणी लागते. ती ५ वर्षांची असते. जमीन स्वतःची किंवा नोंदणीकृत भाडेपट्ट्याची हवी. सातबारा, नकाशा, ओळखपत्र नेहमीचंच. सातबाऱ्यावर आत्या-काकांची नावं असतील तर संमतीपत्रं आधी गोळा करा. तिवरांलगतची जागा असेल तर खर्च करण्याआधी मोजणी करून घ्या. हायकोर्टाच्या २०१८ च्या निकालाने तिवरांभोवती ५० मीटर पट्टा राखीव आहे, तिथे कुठलाही रिपोर्ट कामाचा नाही.

आता माती. बहुतेक जण शेतीची मृदा आरोग्य पत्रिका जोडतात. तिच्यात १२ घटक असतात, पण चिकणमाती किती टक्के ते नसतं, आणि तळ्यात पाणी टिकेल की झिरपेल हे त्यावरच ठरतं. शिवाय तो नमुना वरच्या १५ सेंटीमीटरचा. तुमचं तळं खणल्यावर ती माती बांधावर गेलेली असणार! म्हणून लॅबला लेखी सांगा: पोत (वाळू, गाळ, चिकणमाती किती टक्के), सामू (आम्लता दाखवणारा pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब.

नव्या जागेत खड्डा नियोजित तळाच्याही खाली अर्धा मीटर घ्या आणि प्रत्येक थराची माती वेगळी ठेवा. जुन्या तळ्यात उलट: वरचा ५ सेंटीमीटर गाळच हवा. नागमोडी चालत १०-१२ ठिकाणचा घ्या. खाद्याच्या जागा, पाण्याचं तोंड आणि नुकता चुना टाकलेला भाग टाळा. प्लास्टिकच्या टबात कालवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. युरियाची रिकामी गोणी वापरू नका, आकडे बिघडतात.

नमुना सावलीत वाळवा. पण खाजणातला काळा, गंधकाचा वास येणारा चिखल असेल तर एक पिशवी हवा काढून, बर्फात घालून ओलीच पाठवा. अशा मातीचा सामू ताजेपणी ७ दिसतो आणि काही आठवडे हवेत राहिली की ४ च्याही खाली जाऊ शकतो. दोन्ही आकडे मागा. एकाच आकड्यावर तळं खणलं तर पुढे चुना टाकून दमाल.

चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीत पसरते. एक पिशवीत, एक बाहेर: गट नंबर, खोली, तारीख. सातबाऱ्यावर पोटहिस्सा असेल तर चिठ्ठीवरही तोच हवा. लॅब चिठ्ठीवरचंच रिपोर्टात उतरवते आणि नंतर दुरुस्तीला कुणी हात लावत नाही.

आणि हे सगळं मे संपायच्या आत. जूनपासून खड्ड्यात पाणी भरतं, मग दसऱ्यापर्यंत थांबावं लागतं.