हात भरून येणं वेगळं, रायटर्स क्रॅम्प वेगळा

तीन तासांचा पेपर लिहून हात भरून आला नाही असा माणूस सापडणार नाही. पेरांत कळ येते, अंगठ्याच्या बुडाशी ठणकतं. हात झटकला, रात्री शेकला की सकाळी मोकळा. स्नायू दमला होता, त्याला विश्रांती मिळाली.

रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहायला बसलं की हात अडण्याचा आजार, हा असाच थकवा, फक्त जरा जास्त, असं समजणारे मला दर महिन्याला भेटतात. घोळ नावातल्या ‘क्रॅम्प’ने घातलाय. पोटरीत गोळा येतो तसलं हे काही नाही. इथे स्नायू धडधाकट असतो. बिघडतो तो मेंदूचा त्याच्यावरचा ताबा. जे स्नायू आळीपाळीने चालायला हवेत ते एकदम आवळले जातात, आणि ज्यांचं काम नाही तेही मध्ये पडतात. वैद्यकात याला डिस्टोनिया म्हणतात.

माझे मामा शाळेत शिक्षक होते. फळ्यावर खडूने लिहायचे तेव्हा अक्षर मोत्यासारखं. हजेरीपटावर पेन टेकवलं की दोन नावांतच तर्जनी पेनवरून उचलली जायची, अंगठा आत वळायचा, मनगट वाकडं व्हायचं आणि निब कागदात रुतायची. पेन खाली ठेवलं की हात पुन्हा पहिल्यासारखा. त्याच हाताने ते सुईत दोरा ओवायचे! दुखतं का विचारलं तर म्हणायचे, “दुखत नाही रे, ऐकत नाही.”

खरा फरक इथे आहे. दमलेला हात पोळी लाटतानाही दमलेलाच असतो, आणि तो दुखतो. रायटर्स क्रॅम्पचा हात सुरुवातीला फक्त लिहितानाच अडतो, बाकी सगळं नीट करतो. फळ्यावर हात खांद्यातून चालतो, कागदावर बोटांतून, म्हणून मामांचा खडू चालायचा आणि पेन अडायचं. काहींना पुढे बटण लावताना, जेवतानाही त्रास होतो, पण सुरुवात बहुधा लिहिण्यापासून असते. अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येत असतील, रात्री जाग येत असेल, तर मनगटात नस दबली असण्याची शक्यता जास्त. अक्षर बारीक होत चाललं असेल आणि बाकीची कामंही मंदावली असतील, तर पार्किन्सन्स तपासून घ्यावा.

मामांनी मानेचं दुखणं समजून दोन वर्षं मानेला पट्टा बांधला, वर “मनावर घेऊ नका” हा सल्ला ऐकला. या सल्ल्याचा मला खरोखर राग येतो. शीही आणि मार्सडेन या मेंदूविकारतज्ज्ञांनी 1982 मध्येच असे रुग्ण तपासून हा मानसिक आजार नसून डिस्टोनिया आहे, असं मांडलं होतं. ताणाने त्रास वाढतो हे खरं, पण ताण हे त्याचं मूळ नव्हे.

रबरी चेंडू दाबायला सांगणाऱ्यांचंही मला पटत नाही. पकड आधीच गरजेपेक्षा घट्ट आहे, ताकद वाढवून काय साधणार? “डाव्या हाताने लिहा” हा सल्ला काहींना उपयोगी पडतो, पण काहींचा डावा हातही पुढे तसाच अडतो. रामाझिनी या इटालियन वैद्याने 1713 मध्येच अशा एका लेखनिकाची हकिकत लिहून ठेवली आहे.

उपाय आहेत. जास्त आवळणारे नेमके स्नायू शोधून त्यांत बोटुलिनम टॉक्सिनचं, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देतात. गुण साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं, आणि मधल्या काळात बोटं थोडी कमजोर वाटू शकतात. जोडीला जाड पेन, पकड बदलणं, लिहिणं नव्याने शिकणं. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना वही-पेन न्यावं आणि समोर बसून लिहून दाखवावं. एमआरआय बहुधा नॉर्मल येतो, निदान लिहिणारा हात बघूनच होतं.

मामा आता पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरतात. सही बँकेत नव्याने नोंदवावी लागली, पण पानभर पत्र लिहितात.