रापा नुईवरील पुरातत्त्वीय क्षेत्रसर्वेक्षण

जमिनीवर उघड दिसणारे प्राचीन अवशेष पायी हिंडून शोधणे, मोजणे आणि नकाशावर टिपणे, म्हणजे क्षेत्रसर्वेक्षण. यात उत्खनन नसते. रापा नुई अर्थात ईस्टर बेट हे पॉलिनेशियाच्या आग्नेय टोकाला, चिलीच्या किनाऱ्यापासून ३,५०० किमी.हून अधिक दूर आहे. १८८८ पासून ते चिलीच्या ताब्यात आहे. क्षेत्रफळ जेमतेम १६४ चौ. किमी. आणि बराचसा भाग उघडे गवताळ माळरान. झाडी नाही, त्यामुळे दगड लपत नाहीत. सर्वेक्षकाला याहून सोयीची जमीन मिळणे कठीण, असे पहिल्या दिवशी वाटते. अडचण नंतर कळते : इथे दगड सगळीकडेच आहेत, आणि त्यांतला माणसाने ठेवलेला कोणता, हे ठरवण्यातच दिवस जातो.

जगाला माहीत असतात ते मोआई, म्हणजे दगडी पुतळे. त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे आणि त्यांपैकी सुमारे ४०० रानो राराकू या ज्वालामुखीच्या उतारावरील खाणीतच राहिले. नोंदवहीत मात्र पुतळ्यांपेक्षा साध्यासुध्या गोष्टींची गर्दी जास्त. ‘मानावाई’ म्हणजे वाऱ्यापासून पिकाला आडोसा देणारे, दगडांनी गोल बांधलेले आळे. काहींत आजही केळ उभी दिसते. ‘उमू पाए’ ही कडेने दगड लावलेली जमिनीतली चूल. ‘हारे पाएंगा’ हे उलट्या होडीच्या आकाराचे घर. त्याचे गवताचे छप्पर कधीच गेले; उरले आहे ते घडीव बेसॉल्टचे लांबट जोते. वाकून पाहिले तर त्या दगडांच्या माथ्यावर ओळीने कोरलेली भोके दिसतात. छपराच्या काठ्या त्यांतच रोवत. असा भोकांचा एकच दगड एखाद्या भिंतीत सापडला, तर तो कुठल्यातरी मोडलेल्या घराचा, एवढे सांगता येते. घर कुठे होते, ते नाही.

अशा भिंती पुष्कळ आहेत. १९५३ पर्यंत बेटाचा बहुतेक भाग मेंढपाळीसाठी दिलेला होता. रापा नुई लोकांना हांगा रोआ गावात कोंडून बाकीच्या माळावर हजारो मेंढ्या चरत, आणि त्यांच्यासाठी घातलेल्या गडग्यांना जुन्या बांधकामांचे आयते दगड वापरले गेले. त्यामुळे या काळाचा इतिहास ठाऊक नसलेल्या सर्वेक्षकाची नोंद बिनचूक मोजमापांची असूनही चुकीची ठरू शकते.

पहिले पद्धतशीर काम कॅथरीन रूटलेज यांचे (१९१४-१५). मावळतीच्या तिरप्या उन्हात जमिनीचे उंचसखल भाग उठून दिसतात. त्यावरून त्यांनी पुतळे नेण्याचे जुने रस्ते ओळखले. पुढे कापुचिन धर्मगुरू सेबास्टियन एंगलर्ट यांनी पुतळ्यांना क्रमांक दिले. १९५५-५६ च्या नॉर्वेजियन मोहिमेसोबत आलेले विल्यम मुलॉय यांचे नाव मुख्यतः ‘आहू’, म्हणजे पुतळ्यांचे चौथरे, पुन्हा उभारण्याशी जोडले जाते. चौकटी पाडून संपूर्ण बेट टिपण्याचे काम १९६८ मध्ये पॅट्रिक मॅकॉय यांनी सुरू केले आणि नंतर चिलीच्या पुरातत्त्वज्ञांनी पुढे नेले. नोंद वेळेवर होणे का महत्त्वाचे, याचे उदाहरण टोंगारिकी येथील आहू : १९६० च्या त्सुनामीने तेथील १५ पुतळे आत जमिनीवर फेकले, आणि १९९० च्या दशकात ते पुन्हा उभे करताना जुनी छायाचित्रे व वर्णने उपयोगी पडली.

अलीकडे जीपीएस, ड्रोन व उपग्रहचित्रे आली. रूटलेज यांना दिसलेले रस्ते टेरी हंट आणि कार्ल लिपो यांनी उपग्रहचित्रांतून पुन्हा माग काढून नोंदवले. सर्वांत मोठा फेरबदल झाला तो दगडी बागांच्या मोजणीत. ओल टिकावी, वाऱ्याने माती उडू नये म्हणून रताळ्यांच्या शेतात दगड पसरत. या बागा ४ ते २१ चौ. किमी. असाव्यात, असे आधीचे अंदाज होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्यक्ष फिरून टिपलेल्या बागांवरून संगणकाला ओळख शिकवली आणि अवरक्त उपग्रहचित्रे तपासली. आकडा आला ०.७६ चौ. किमी. बेटावर पूर्वी प्रचंड लोकसंख्या होती आणि तिने जंगल संपवून स्वतःचा नाश ओढवला, या लोकप्रिय कथेला यामुळे मोठा धक्का बसला. एवढ्या बागा आणि जोडीला समुद्रातले अन्न धरले, तरी तीनेक हजार माणसेच जगू शकतात, असा या अभ्यासाचा अंदाज. अर्थात, उपग्रहाला दिसतात त्या आज टिकून असलेल्या बागा. मेंढ्यांनी आणि नांगराने मोडलेल्या किती, हा वाद उरतोच.

सर्वाधिक पाहणी झालेली जागा अर्थातच रानो राराकू. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे लागलेल्या वणव्यात अनेक मोआई भाजून निघाले. पुढच्याच फेब्रुवारीत, विवरातले तळे आटल्यावर, त्याच्या तळाशी आतापर्यंत कोणत्याही यादीत नसलेला एक छोटा मोआई सापडला.