आरोग्य प्रकल्पाधारित सूक्ष्मजीवशास्त्र अध्यापन

पदवी स्तरावर ठरीव प्रात्यक्षिकांऐवजी किंवा त्यांच्या जोडीला परिसरातील एखादा खरा आरोग्यप्रश्न विद्यार्थ्यांच्या गटाकडे सोपवून सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्याची पद्धती. ठरीव प्रात्यक्षिकाचे उत्तर शिक्षकाला आधीच ठाऊक असते. प्रकल्पात ते कोणालाच ठाऊक नसते, हा दोहोंतील मुख्य भेद होय. पिण्याचे पाणी, हातगाडीवरील खाद्यपदार्थ, हातांची स्वच्छता आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू हे नेहमीचे विषय.

उगम : पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. शिक्षणशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत प्रकल्प पद्धतीचे जनकत्व सामान्यतः विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांच्या १९१८ मधील निबंधाला आणि त्यामागील जॉन ड्यूई यांच्या विचाराला दिले जाते. जर्मन अभ्यासक मिखाएल नॉल यांनी मात्र ही परंपरा सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोममधील कलाअकादमीत वास्तुविशारदांसाठी घेतल्या जाणाऱ्या स्पर्धांपर्यंत आणि पुढे पॅरिसच्या वास्तुकला अकादमीपर्यंत मागे नेली आहे. कागदपत्रांचा आधार पाहता नॉल यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. किलपॅट्रिक यांनी शब्द रूढ केला, पद्धती नव्हे. विज्ञान व वैद्यक शिक्षणापुरते बोलायचे तर कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ च्या सुमारास सुरू झालेले समस्याधारित अध्यापन (खऱ्या समस्येपासून शिकण्याची सुरुवात करणारी पद्धती) हा अधिक जवळचा पूर्वज ठरतो. गांधीजींच्या १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेशी या पद्धतीचे नाते जोडण्याचा मोह होतो. तथापि त्या योजनेचा भर शालेय वयातील हस्तोद्योगावर होता, त्यामुळे हे साम्य वृत्तीचे आहे, वंशाचे नव्हे.

सूक्ष्मजीवशास्त्रात या विचाराला ठळक रूप अमेरिकेत मिळाले. २००८ पासून पदवीच्या प्रारंभीच्या वर्गांतील विद्यार्थी मातीतून जीवाणुभक्षी विषाणू (जिवाणूंना संसर्ग करणारे विषाणू) वेगळे करू लागले. पुढे येल विद्यापीठात, साधारण २०१२ पासून, जो हँडल्समन यांच्या पुढाकाराने मातीतील जिवाणूंमधून नवी प्रतिजैविके शोधण्याचा अभ्यासक्रम आकाराला आला. यात रोगकारक जिवाणूंऐवजी त्यांचे निरुपद्रवी नातलग चाचणीसाठी वापरले जातात, ही बाब महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ठाणे व नवी मुंबईतील विषय : या परिसरात पाण्याचा विषय स्वाभाविकपणे पुढे येतो. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे, ठाण्यात मासुंदा, उपवन यांसारखे तलाव आहेत, दोन्ही शहरांमध्ये खाडी आहे. नळाचे पाणी बहुधा गृहनिर्माण संस्थेच्या जमिनीखालच्या आणि गच्चीवरच्या टाक्यांतून घरात येते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी निर्दोष असले तरी टाकीत ते दूषित होऊ शकते. म्हणून टाकीपूर्वीचा आणि नंतरचा असे जोडीचे नमुने घेणे हा सर्वांत अर्थपूर्ण, आणि विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला, आराखडा होय.

तांत्रिक बाजू : नमुन्याच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घालावे लागते. ते विसरल्यास पाण्यातील उरलेले क्लोरीन प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जिवाणू मारत राहते आणि दूषित पाणीही स्वच्छ ठरते. नमुना थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी तपासतात. कोलिफॉर्म जिवाणूंसाठी (विष्ठेच्या संभाव्य संसर्गाचे निदर्शक) बहुनलिका पद्धती प्रचलित आहे : मॅकॉन्की रस या पोषक द्रवाच्या प्रत्येकी पाच नळ्यांत १०, १ व ०.१ मिलि. पाणी घालून उबवतात आणि आम्ल व वायू दिसलेल्या नळ्यांच्या संख्येवरून तक्त्यातून संभाव्यतम संख्या, म्हणजे जिवाणूंच्या संख्येचा सर्वाधिक शक्य अंदाज, काढतात. येथे गफलतीला वाव फार. १० मिलि.च्या पाचही नळ्या होकारार्थी आणि बाकी सर्व नकारार्थी आल्यास तक्ता १०० मिलि. मागे २३ ही संख्या देतो. परंतु तिची ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरी संख्या जिच्यात असण्याचा संभव मानतात ती कक्षा) सुमारे ७ ते ७० इतकी रुंद असते (तक्त्यागणिक थोडा फरक पडतो). पुढच्या आठवड्यात ४९ आले म्हणून पाणी दुपटीने बिघडले असा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. विद्यार्थी नेमकी हीच चूक करतात, आणि ती वर्गात सांगून फारशी सुटत नाही. स्वतःच्या टाकीचे आकडे हातात असले की सुटते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही १०० मिलि. नमुन्यात ई. कोलाय (आतड्यातील कोलिफॉर्म जिवाणू) आढळता कामा नये, म्हणजे प्रश्न संख्येपेक्षा असण्या-नसण्याचा आहे. विष्ठाजन्य कोलिफॉर्म ओळखण्यासाठी नळ्या ४४.५° से. ला उबवतात; परंतु उष्ण प्रदेशात त्या तापमानाला वाढणारे काही क्लेबसिएला (कोलिफॉर्म गटातील) जिवाणू विष्ठेतून आलेले नसतात. त्यामुळे इंडोल चाचणीने (ई. कोलाय इंडोल हे द्रव्य तयार करतो, बहुतेक क्लेबसिएला करत नाहीत) खातरजमा केल्याशिवाय 'विष्ठाजन्य' हा शेरा मारू नये.

स्वस्त पर्याय म्हणून ग्वाल्हेर येथे विकसित होऊन १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेली हायड्रोजन सल्फाइड पट्टी चाचणी वापरतात. जिवाणूंनी तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे पाणी काळे पडते व ते दूषिततेचे लक्षण मानले जाते. भूजलात मुळातच सल्फाइड असेल तर ही चाचणी फसते, म्हणून खाडीलगतच्या विहिरी व कूपनलिकांसाठी तिचा निकाल जपून वाचावा.

प्रतिजैविक-संवेदनशीलतेच्या प्रकल्पांत १९६६ ची कर्बी-बाउर चकती पद्धती वापरली जाते : जिवाणू पसरलेल्या माध्यमावर प्रतिजैविकाची चकती ठेवून तिच्याभोवती वाढ न झालेले वलय मोजतात. माध्यमाची जाडी ४ मिमी. आणि जिवाणूंचे प्रमाण ०.५ मॅकफार्लंड (द्रवाच्या गढूळपणाचे मानक) ठेवले नाही, तर चकतीभोवतीच्या वलयांचे मोजमाप परस्परांशी ताडता येत नाही.

सुरक्षा व नीती : सांडपाण्यातून वाढवलेले अज्ञात जिवाणू प्राथमिक सुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेत हाताळणे योग्य नव्हे. वापरलेल्या प्लेट १२१° से. ला ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करूनच टाकतात. माणसांच्या हाताचे किंवा नाकाचे नमुने घ्यायचे असल्यास लेखी संमती व शिक्षणसंस्थेच्या नीतिसमितीची मान्यता लागते.

अभ्यासक्रमातील स्थान : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदवी आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट व समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळाले असून त्यामुळे या पद्धतीला औपचारिक जागा लाभली. मूल्यमापनात मिळालेल्या निकालापेक्षा प्रयोगवही, नियंत्रण नमुने आणि नकारात्मक निकालांची नोंद यांना अधिक गुण देणे इष्ट मानले जाते. विद्यार्थ्यांचा अहवाल पाण्याच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र ठरत नाही. नमुना दूषित आढळल्यास गृहनिर्माण संस्थेच्या समितीला तपासणीच्या मर्यादा लिहून कळवतात आणि फेरतपासणीसाठी महापालिकेच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतात.