स्विंग म्हणजे वजन घेऊन मारलेली बैठक नव्हे

जिमच्या कोपऱ्यात केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला वजनाचा गोळा, दिसली की बहुतेक पोरं एकच गोष्ट करतात. दोन्ही हातांनी कडी धरायची, खाली बसायचं आणि उठता उठता वजन समोर फेकायचं. याला ती स्विंग म्हणतात. आठवडाभरात 'दादा, कंबर धरली' म्हणत येतात आणि दोष देतात लोखंडाला. अलिबाग असो की वेंगुर्ला, रड हीच. म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

बैठक काही शिकवायला नको. रायगड-रत्नागिरीत कबड्डीच्या मैदानावर वाढलेल्याने शाळेत असल्यापासून जोर-बैठका काढलेल्या असतात. छाती उभी, गुडघे पुढे, ढुंगण टाचांकडे, आणि पेटते ती मांडीची पुढची बाजू. तालमीतल्या बैठकीत तळाशी टाचाही उचलतात. केटलबेल छातीशी धरून मारतात त्या गॉब्लेट स्क्वॉटमध्ये टाचा जमिनीवर राहतात, पण राबतो गुडघाच. बैठकीबद्दल एवढं पुरे.

घोळ होतो तो हातांमुळे. आपल्या जुन्या बैठकीत हात मागून पुढे झुलतात, स्विंगमध्येही झुलतात. हात झुलायला लागले की शरीर ओळखीच्या वाटेने जातं आणि गुडघे आपोआप पुढे येतात. त्यामुळे ज्याच्या बैठका पक्क्या, त्याचा स्विंग हमखास जास्त बिघडलेला. ज्याने आयुष्यात व्यायाम केलेला नाही त्याला शिकवणं मला सोपं जातं.

स्विंगमध्ये खाली जायचंच नसतं, मागे जायचं असतं. गुडघे थोडे मुडपतात, पण जागा सोडत नाहीत. नडग्या जवळजवळ उभ्याच. ढुंगण मागे सरकतं, छाती पुढे झुकते, पाठ मानेपासून माकडहाडापर्यंत सरळ. घडी पडते ती खुब्यात. 'कमरेतून वाक' असं ओरडणारे शिक्षक मला आवडत नाहीत, कारण ते ऐकून माणूस पाठीचं धनुष्य करतो. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्यासारख्या वाटल्या तर बरोबर चाललंय. पुढच्या मांड्या भरून आल्या तर तुम्ही बैठकाच मारताय.

तपासायला भिंत पुरते. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं राहायचं आणि गुडघे पुढे न नेता ढुंगणाने भिंतीला स्पर्श करायचा. जमलं की चार बोटं आणखी पुढे सरकून पुन्हा. टाचेवरचा भार हलता कामा नये. हे रिकाम्या हाताने जमेपर्यंत मी कुणाला केटलबेल झुलवू देत नाही. त्यानंतरही आधी ती दोन पायांच्या मध्ये ठेवून नुसती उचलायची आणि परत ठेवायची. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

आता कंबर का धरते ते. बरोबर स्विंगमध्ये केटलबेल गुडघ्यांच्या वरून, जांघेला लागून मागे जाते. मनगटाच्या वरचा हात मांडीच्या आतल्या बाजूला टेकतो, म्हणजे वजन खुब्याच्या अगदी जवळ असतं. बैठक मारली की तीच केटलबेल गुडघ्यांच्या खाली, नडग्यांच्या मध्ये लोंबते. वजन तेवढंच, पण खुब्यापासून लांब गेलेलं. तिथून ते वर आणायला पाठ आणि खांदे ओढत बसतात. सोळा किलोचं ओझं लांबून, झटक्याने, शंभर वेळा ओढलं तर कंबर बोलणारच.

दुसरी चूक वेळेची, आणि ही चांगल्या चांगल्यांची होते. केटलबेल वरून खाली येताना लोक तिच्याबरोबरच वाकतात. नाही. ती येऊ द्यायची, ताठ उभं राहायचं, आणि हात पोटाला आपटणार असं वाटलं की तेव्हा खुबे मागे न्यायचे. ओटीवरच्या झोपाळ्याला धक्का देणाऱ्याला हे ठाऊक असतं: झोपाळा पूर्ण मागे येण्याआधी हात लावला तर लय मोडते आणि मनगट दुखतं ते वेगळंच. इथेही केटलबेल मागे पूर्ण गेली की मगच टाचा रोवून उभं राहायचं, एका दमात. वर पोहोचल्यावर गुडघे सरळ, ढुंगण आवळलेलं, पोट घट्ट. मागे रेलायचं नाही, ती फुशारकी मणक्याला महागात पडते.

आणि हात? हात म्हणजे नुसता दोर. खात्री करायची तर कडीतून एक जाड पंचा ओवा, त्याची दोन्ही टोकं धरून झुलवा. पंचा आणि केटलबेल एका रेषेत राहिले तर जोर खुब्यातून येतोय. केटलबेल खाली लोंबली तर तुम्ही खांद्याने उचलताय.

श्वास: वर जाताना सोडा, खाली येताना घ्या. बूट: जाड गादीचे नकोत, अनवाणी उत्तम. फक्त पावसाळ्यात ओल धरलेल्या लादीवर अनवाणी नको. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हात कोरडे राहत नाहीत, तेव्हा हाताला खडूची पूड लावा आणि दर सेटला कडी पुसा. खाऱ्या हवेत उघडं बिडाचं लोखंड गंजतंच, अधूनमधून घासून तेलाचा हलका हात फिरवायचा.

डोक्यावर नेण्याचा अट्टहास सोडा, छातीपर्यंत आली की स्विंग झाला. ऑनलाइन मिळणारी सिमेंट भरलेली प्लास्टिकची केटलबेल तर घेऊच नका. ती फुगलेली असते, मांड्यांमध्ये मावत नाही. चार-पाच किलोचीही नको, एवढी हलकी वस्तू कोणीही हाताने उचलतो आणि खुबा कधी कामाला लागतच नाही. धडधाकट पुरुषाने १६ पासून आणि बाईने ८ किंवा १२ पासून सुरुवात करावी.

सरावाचं म्हणाल तर दहा-दहाचे मोजके सेट, आठवड्यातून तीन-चार दिवस. रविवारी एकदम दोनशे मारणारे मला बघवत नाहीत, कारण शेवटचे दीडशे बैठकाच असतात. आकार बिघडला की सेट तिथेच संपला, आकडा कितीही झालेला असो. गणपतीत किंवा शिमग्यात खंड पडणारच. परत आल्यावर आठवडाभर निम्मे सेट करा आणि भिंतीपाशी पुन्हा उभे राहा.

वजन वाढवताना आणखी एक अडचण येते. केटलबेल ही रशियाची चीज. तिथलं जुनं माप पूड, म्हणजे १६ किलोच्या किंचित वर. त्यामुळे १६, २४, ३२ अशी वजनं रुळली. पण १६ वरून २४ म्हणजे थेट दीडपट, आणि एवढ्या उडीत माणूस हमखास पुन्हा बसायला लागतो. मधली २० ची मिळाली तर घ्या. गावात मिळत नसेल तर १६ वरच राहून एका हाताने स्विंग सुरू करा. दुसरा हात मोकळा राहिला की वजन अंग पिळायला बघतं, ते पिळू न देणं हीच वाढीव मेहनत. दोन्ही हातांनी आलटून पालटून दहाचे सेट, पहिला आणि शेवटचा फेरा सारखाच दिसेपर्यंत. मग २४ ला हात लावा, तोही आधी पाच-पाचच्या सेटने.