बोट मोटारीसारखी वळत नाही

गंगापूर धरणाच्या जलाशयावर नौकाविहाराला जाणाऱ्या नाशिककरांमध्ये एक समज जुना आहे: ज्याला मोटार चालवता येते, त्याला बोट धक्क्याला लावता येते. स्टिअरिंग सारखेच दिसत असल्याने हा समज स्वाभाविक आहे. परंतु मोटारीची पुढची चाके वळतात आणि मागची त्यांच्यामागे येतात, तर बोटीचे सुकाणू किंवा इंजिन मागे असल्याने ते बोटीचे मागचे टोक बाजूला ढकलते, आणि त्यामुळे पुढचे टोक उलट दिशेला वळते.

पडताळणीसाठी पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात लाकडी फूटपट्टी सोडावी आणि तिचे एक टोक बोटाने हलकेच बाजूला ढकलावे. दुसरे टोक विरुद्ध दिशेला सरकते, आणि ३० सेंटिमीटरच्या पट्टीवर त्या टोकापासून साधारण १० सेंटिमीटरवरचा बिंदू सुरुवातीला जवळजवळ जागेवरच राहतो.

म्हणूनच उजवीकडच्या धक्क्यापासून निघताना स्टिअरिंग एकदम डावीकडे फिरवले, तर मागचा भाग धक्क्यावर आदळतो. शिवाय बोटीला ब्रेक नसतो. त्यामुळे अरुंद जागेत शक्यतो वाऱ्याला सामोरे, अगदी मंद गतीने जावे आणि थांबण्यासाठी इंजिन थोडा वेळ उलटे चालवावे.