वस्तुप्रतीक (घडणीच्या कादंबरीतील)

पोरवयातून जाणतेपणाकडे जाणाऱ्या नायकाच्या किंवा नायिकेच्या कादंबरीत एखादी साधीसुधी वस्तू पुन्हा पुन्हा समोर येते आणि दर खेपेला तिचा अर्थ थोडा सरकतो. अशा वस्तूला वस्तुप्रतीक म्हणतात. घडणीच्या कादंबरीला जर्मन समीक्षेत ‘बिल्डुंग्सरोमान’ असे नाव असून गटेची ‘विल्हेल्म माइस्टर’ (१७९५–९६) हा तिचा आद्य नमुना मानला जातो. पुनरावृत्तीला या प्रकारात वेगळे वजन असते. वस्तू तीच राहते, तिच्याकडे पाहणारा मात्र वाढतो, आणि तो किती वाढला हे लेखकाला सांगत बसावे लागत नाही.

चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधील (१८६०–६१) कानस हे याचे नमुनेदार उदाहरण. पळालेला कैदी बेडी तोडायला कानस आण असा धाक घालतो, म्हणून कादंबरीचा लहानगा नायक पिप लोहारकाम करणाऱ्या मेहुण्याच्या भट्टीतून कानस चोरतो. इथे ती केवळ भीती आहे. पुढे गुत्त्यात एक अनोळखी माणूस पिपच्या डोळ्यांदेखत त्याच कानशीने पेला ढवळतो. बाकी कुणाला त्यात काही दिसत नाही, पिप मात्र गारठतो. मग बहिणीवर हल्ला होतो आणि तिच्याजवळ कापलेली बेडी सापडते. हत्यार जणू आपणच पुरवले, असे पिपला वाटत राहते. पुढे साहेबी थाटाची हाव धरून तो लोहारशाळेची लाज बाळगतो, तेव्हा कानस पानावर नसतानाही वाचकाच्या मनात घासत असते. ‘कानस म्हणजे अपराधभाव’ एवढे लिहून थांबणारा विद्यार्थी चुकत नाही, पण भीती, ओळख आणि अपराधभाव हा क्रमच त्याच्या हातून निसटतो. गाईडांनी लावलेली ही ‘अमुक म्हणजे तमुक’ लिहिण्याची सवय महाविद्यालयीन उत्तरपत्रिकांतून सहजी जात नाही.

वस्तूचा प्रत्यक्ष गुणधर्म आधी पाहावा, अर्थ मागाहून येतो. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातली घोंगडी घ्या. मेंढीच्या लोकरीची ही घोंगडी विणून झाल्यावर तिला चिंचोक्याची खळ देतात. नवी असताना ती ताठ उभी राहते, अंगाला टोचते. वापरता वापरता खळ निघून मऊ पडते, आणि भिजली की तिला मेंढरांचा वास सुटतो. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. अशा एखाद्या वसतिगृहात माणदेशातला पोरगा वळकटीत घोंगडी बांधून आला, असे कादंबरीकाराने योजले, तर त्याच्या हाती तीन प्रसंग आयतेच येतात. पहिल्या रात्री ती टोचते, पावसाळ्यात तिच्या वासाने शेजारचा मुलगा नाक मुरडतो, आणि सुटीत घरी गेल्यावर त्या पोरालाच तो वास नकोसा होतो. तिसरा प्रसंग सर्वांत निष्ठुर. कारण तिथे घोंगडीत काहीच बदललेले नसते.

काही वेळा हे काम वस्तूऐवजी वास्तू करते. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) औंध संस्थानातल्या धनगरवस्तीवर आलेला तरुण मास्तर गावाला हाताशी धरून तालीम बांधतो. ही काटेकोर अर्थाने घडणीची कादंबरी नाही, पण मास्तरचे शिकणे तीत आहेच. तालीम आधी त्याचा हट्ट असते, मग गावाची होते. खुद्द राजेसाहेब येतात, आणि पुढे दुष्काळात गावच उठते. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या संस्थानात मास्तराने देवळाचा नव्हे, तालमीचा हट्ट धरावा, हे त्या मुलखाला धरूनच आहे.

वारंवार येणारी प्रत्येक वस्तू प्रतीक नसते. धनगरी जीवनावरच्या कथेत घोंगडी पानोपानी येणारच, तो त्या लोकांचा रोजचा वापर आहे. पारख करायची तर ती काढून तिथे साधी चादर ठेवून पाहावी. कथेत काहीच हलले नाही, तर लेखकाने फक्त परिसर रंगवला आहे. पिपच्या गोष्टीतून मात्र कानस काढली, तर गुत्त्यातला प्रसंग उरतच नाही आणि बहिणीपाशी सापडलेली बेडी कुणाची, हे ओळखायला पिपपाशी काही कारण राहत नाही.